‘हैदर अली’ नावाचे अमेरिकन जहाज

पुष्कळ वर्षांपूर्वी इतिहासाचा तास चालू असता एका विद्यार्थ्याने आम्हांस असा प्रश्न केला की, अमेरिकेत यॉर्कटाउन येथे वॉशिंग्टनपुढे शस्त्रे खाली ठेवणारा कॉर्नवॉलिस आणि बंगाल्यात कायमधाऱ्याची पद्धत घालून देणारा कॉर्नवॉलिस हे दोन भिन्न पुरुष की एकच? दोघेही एकच, असे आम्ही सांगितले. त्यावर त्याने लागलीच दुसरा प्रश्न टाकला : मग तिकडे हरलेल्या माणसास इकडे एवढी मोठी जागा कशी मिळाली? घंटा झाली आणि आमची सुटका झाली. परंतु प्रश्न मनातून गेला नाही. अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध आम्ही एका पुस्तकातून शिकवीत होतो आणि पुणे दरबाराचे इंग्रजांशी झालेले पहिले युद्ध दुसऱ्या पुस्तकातून. दोन्ही पुस्तकांतील सनावळी एकमेकींशेजारी मांडून पाहावी, हे मात्र इतक्या वर्षांत आम्हांस सुचले नव्हते.

ती मांडून पाहिली म्हणजे मौज दिसते. मुंबईकर इंग्रजांनी राघोबादादांशी सुरतेचा तह केला तो मार्च १७७५ मध्ये. अमेरिकेत लेक्झिंग्टन येथे पहिली गोळी सुटली ती त्याच सालच्या १९ एप्रिल रोजी. पुरंदरचा तह १ मार्च १७७६ चा. अमेरिकनांचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा ४ जुलै १७७६ चा. वडगावास इंग्रजांची फौज कोंडली गेली ती जानेवारी १७७९ मध्ये, आणि साल्बाईचा तह ठरला तो १७ मे १७८२ रोजी, म्हणजे यॉर्कटाउनच्या शरणागतीनंतर अवघ्या सात महिन्यांनी. केवळ साले जुळली म्हणून घटना जुळल्या असे मानणे हे भाबडेपणाचे होईल, हे आम्ही जाणतो. ज्योतिषी ग्रहांची युती पाहून फल सांगतो, तसे इतिहासकारास करता येत नाही. त्यास दुवा दाखवावा लागतो. प्रस्तुत लेखात आम्ही असा एक दुवा वाचकांपुढे ठेवीत आहो. तो आहे एका जहाजाचे नाव. सन १७८२ च्या वसंत ऋतूत अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया संस्थानाच्या चाकरीत एक लढाऊ जहाज होते आणि त्याचे नाव होते ‘हैदर अली’.

हे नाव तेथवर गेले कसे, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. बॉस्टन बंदरात १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री तीन जहाजांवरील चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात लोटल्या गेल्या, ही कथा शाळकरी मुलांसही ठाऊक असते. तो चहा चीनचा होता. हिंदुस्थानात त्या काळी व्यापारी चहा पिकतच नव्हता. परंतु त्याची मालक ईस्ट इंडिया कंपनी होती, आणि कंपनीवर हा चहा कसाही करून खपविण्याची वेळ आली ती बऱ्याच अंशी बंगाल्यातील कारभारामुळे. सन १७६५ मध्ये बंगालची दिवाणी हाती आली तेव्हा कंपनीच्या भागीदारांस सोन्याची खाण सापडल्यासारखे वाटले होते. पुढे लष्कराचा खर्च वाढला, नोकरांनी आपली घरे भरली, आणि १७७० च्या भयंकर दुष्काळाने मुलूख उजाड झाला. इकडे लंडनच्या वखारींत न खपलेला चहा साचला. कंपनीचे दिवाळे वाजण्याची वेळ आली म्हणून पार्लमेंटने १७७३ मध्ये तिला कर्ज दिले आणि अमेरिकेत चहा परस्पर नेऊन विकण्याची सवलत दिली. अमेरिकन चिडले ते येथे.

आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की, त्यांच्यापैकी काहींस या व्यवहाराचे बंगाली मूळ ठाऊक होते. पेनसिल्व्हेनियातील जॉन डिकिन्सन या विख्यात वकिलाने नोव्हेंबर १७७३ मध्ये, म्हणजे बॉस्टनच्या प्रकारापूर्वी काही दिवस, ‘रस्टिकस’ या टोपणनावाने एक पत्र प्रसिद्ध केले. कंपनीने आशियात काय केले ते पाहा, असे तो देशबांधवांस सांगतो. तेथे एका वर्षात लक्षावधी माणसे मेली ती भूमीने पीक दिले नाही म्हणून नव्हे, तर कंपनीने व तिच्या नोकरांनी धान्य अडवून भाव चढविले म्हणून. आणि तेच लोक आता आपल्याकडे वळले आहेत, असा त्याचा आशय आहे. दुष्काळाची कारणे याहून गुंतागुंतीची होती. पाऊस खरोखरच पडला नव्हता. तरीही बंगालच्या रयतेची हाय फिलाडेल्फियाच्या छापखान्यापर्यंत पोहोचली होती, हे या पत्रावरून निर्विवाद ठरते. येथेच हेही सांगितले पाहिजे की, बंगालसाठी कळवळणाऱ्या या डिकिन्सनच्या डेलावेअरमधील शेतांवर त्या वेळी गुलाम राबत होते. त्यांस सशर्त मुक्त करण्याचा लेख त्याने १७७७ मध्ये केला आणि बिनशर्त सुटका १७८६ मध्ये दिली. दूरचे दुःख दिसते आणि अंगणातले दिसण्यास बारा वर्षे लागतात, असा हा मासला आहे.

युद्ध सुरू झाल्यावर दोन्ही किनाऱ्यांस जोडणारा धागा फ्रेंचांच्या हाती आला. अमेरिकनांनी ऑक्टोबर १७७७ मध्ये साराटोगा येथे इंग्रजांची एक सबंध फौज पाडाव केली आणि तेणेकरून फ्रान्सच्या दरबारास धीर आला. ता. ६ फेब्रुवारी १७७८ रोजी फ्रान्सने अमेरिकनांशी उघड तह केला. परंतु त्याच्या आधीच, १७७७ मध्ये, सेंट ल्यूबिन नावाचा एक फ्रेंच गृहस्थ पुण्यास येऊन दाखल झाला होता. नाना फडणिसांनी त्याचे चांगले आगतस्वागत केले. हा मनुष्य मोठा वल्गना करणारा होता. फौज देतो, तोफा देतो, त्याबदली चौलचे बंदर द्यावे, अशी त्याची बोलणी चालली होती; प्रत्यक्षात त्याच्या हाती विशेष काही अधिकार नव्हता. नाना त्याच्या शब्दावर भाळले असे आम्हांस वाटत नाही. मुंबईकरांच्या पोटात गोळा उठावा एवढाच उपयोग त्यांना करावयाचा असावा, आणि तो त्यांनी पुरेपूर केला. मात्र याचा उलटा परिणामही झाला : फ्रेंच पुण्यास शिरतात या भयाचे निमित्त करून मुंबईकरांनी राघोबादादांचे प्रकरण पुन्हा उकरून काढले आणि त्यातूनच वडगावची मोहीम उभी राहिली.

फ्रान्स युद्धात पडल्याची बातमी १७७८ च्या पावसाळ्यात कलकत्त्यास येताच वॉरन हेस्टिंग्जने चंद्रनगर घेतले. त्याच वर्षी पुदुचेरी पडली. आणि मार्च १७७९ मध्ये मलबार किनाऱ्यावरील माहे हे फ्रेंचांचे ठाणे इंग्रजांनी घेतले. माहे हे हैदरच्या आश्रयाखाली होते आणि त्याची दारूगोळ्याची आयात त्या बंदरातून होत असे. त्याने आधी बजाविले होते, ते इंग्रजांनी मानले नाही. सन १७८० च्या आरंभी नानांनी हैदरशी करार करून त्यास, निजामास आणि नागपूरकर भोसल्यांस एका जुटीत आणले, त्यास हा राग कामी आला. अमेरिकेतील बंडासाठी फ्रान्सने तरवार उपसली, म्हणून इंग्रजांनी माहे घेतले, म्हणून हैदर चिडला, म्हणून पुण्याची जूट बळावली, अशी ही साखळी आहे. तिच्यात दुसरीही कारणे गुंफलेली आहेत, पण ही कडी तीतून काढता येत नाही.

जुलै १७८० मध्ये हैदर कर्नाटकात उतरला. ता. १० सप्टेंबर रोजी कांचीपुरानजीक पोळिलूर येथे त्याने व टिपूने कर्नल बेली याची तुकडी सर्वस्वी बुडविली. बेली स्वतः कैद झाला आणि पुढे श्रीरंगपट्टणच्या तुरुंगातच मेला. बक्सारचा विजेता म्हणून गाजलेला सर हेक्टर मन्रो काही कोसांवर असून मदतीस वेळेवर पोहोचला नाही. उलट आपल्या जड तोफा कांचीच्या तळ्यात टाकून तो चेन्नईकडे मागे फिरला. हिंदुस्थानात तोवर इंग्रजांचा असा पराभव झाला नव्हता. हे वर्तमान समुद्रमार्गे १७८१ मध्ये लंडनास पोहोचले आणि लंडनच्या वृत्तपत्रांतून अमेरिकेच्या वृत्तपत्रांत उतरले. तेथील वाचकांस म्हैसूर कोठे आहे हे क्वचितच सांगता आले असते. परंतु आपल्या गावात ठाणे देऊन बसलेल्या फौजेचे भाईबंद पृथ्वीच्या दुसऱ्या टोकास कोणा ‘हैदर अली’कडून मार खात आहेत, एवढे त्यांस समजले.

आता जहाजाकडे वळू. ऑक्टोबर १७८१ मध्ये यॉर्कटाउन येथे कॉर्नवॉलिस शरण गेला, एवढ्याने युद्ध संपले नाही. न्यूयॉर्क व चार्ल्सटन ही बंदरे इंग्रजांच्याच हाती होती. न्यूयॉर्कचे आश्रित राजनिष्ठ लोक लहानमोठी जहाजे घेऊन डेलावेअर नदीच्या मुखाशी टपून बसत आणि फिलाडेल्फियाचा व्यापार लुटीत. अमेरिकनांचे स्वतःचे आरमार तोवर जवळजवळ संपुष्टात आले होते. तेव्हा फिलाडेल्फियाच्या व्यापाऱ्यांनी पैसा उभा केला, पेनसिल्व्हेनिया संस्थानाने पाठबळ दिले, आणि एका व्यापारी जहाजास घाईघाईने भोके पाडून सहा रत्तली गोळ्याच्या सोळा तोफा त्यावर चढविण्यात आल्या. हेच ‘हैदर अली’. त्यावर सुमारे एकशे दहा माणसे होती. त्यांपैकी कित्येक रानावनांत बंदुकीने शिकार करणारे खेडूत होते, ज्यांनी समुद्र फारसा पाहिला नव्हता.

या जहाजाचा नायक जोशुआ बार्नी हा अवघा बावीस वर्षांचा होता. त्याचा जन्म १७५९ चा, मेरीलँड संस्थानातील. एवढ्या वयात तो एकाहून अधिक वेळा इंग्रजांच्या हाती सापडला होता. शेवटी इंग्लंडात प्लिमथजवळच्या मिल तुरुंगात त्यास ठेविले असता १७८१ मध्ये इंग्रज अधिकाऱ्याच्या वेषात तो राजरोस दरवाजातून निघून गेला. मायदेशी परतून त्यास फार दिवस झाले नव्हते, तोच हे काम त्याच्याकडे आले. काम एवढेच की, व्यापारी जहाजांस नदीच्या मुखापर्यंत पोहोचवावे आणि लुटारूंस खाडीतून हाकून द्यावे. इंग्रजांच्या राजनौकांशी झुंज घ्यावी असा हुकूम त्यास नव्हता.

ता. ८ एप्रिल १७८२ रोजी डेलावेअरच्या उपसागरात, केप मे भूशिरानजीक, बार्नी आपल्या व्यापारी जहाजांसह असता तीन शत्रुजहाजे दृष्टीस पडली : ‘क्वेबेक’ नावाचे मोठे लढाऊ जहाज, ‘जनरल मंक’ नावाची राजनौका, आणि ‘फेअर अमेरिकन’ नावाचे राजनिष्ठांचे खासगी लढाऊ जहाज. बार्नीने व्यापाऱ्यांस नदीत मागे फिरण्याची खूण केली व आपण पाठीमागे राहिला. उपसागरात वाळूचे दांडे फार. ‘क्वेबेक’ला खोल पाणी हवे म्हणून ते बाहेरच्या वाटेस राहिले. ‘फेअर अमेरिकन’ने जवळून जाताना तोफा झाडल्या आणि ते व्यापारी जहाजांच्या पाठीस लागले. राहिले ‘जनरल मंक’. त्याचा कप्तान जोसायस रॉजर्स हा अनुभवी दर्यावर्दी होता. त्याच्याजवळ माणसे १३६, तोफा अठरा ते वीस, आणि गोळा नऊ रत्तली. सारांश, बार्नीच्या दीडपट बळ. रॉजर्स निर्धास्तपणे जवळ आला.

यापुढचा प्रसंग मोठा बहारीचा आहे. बार्नीने आपल्या सुकाण्यास अगोदरच सांगून ठेविले होते की, मी आता जो हुकूम मोठ्याने ओरडेन त्याच्या नेमके उलट करावयाचे. दोन्ही जहाजे हाकेच्या टप्प्यात आली तेव्हा त्याने शत्रूस ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात सुकाणू एका बाजूस लोटण्याचा हुकूम दिला. रॉजर्सने तो ऐकला, त्यावरून ‘हैदर अली’ कोणीकडे वळणार याचा अंदाज बांधला आणि आपले जहाजही त्याच बेताने वळविले. सुकाण्याने मात्र ठरल्याप्रमाणे उलट केले. ‘जनरल मंक’च्या नाळेपुढे आलेला वासा ‘हैदर अली’च्या पुढील डोलकाठीच्या दोरखंडांत येऊन अडकला. बार्नीच्या माणसांनी तो तेथेच करकचून बांधून टाकिला. आता ‘मंक’च्या बाजूच्या तोफा रोखता येईनात, आणि ‘हैदर अली’च्या तोफा मात्र नाळेपासून पिछाडीपर्यंत त्याचा सबंध तक्ता झाडू लागल्या. वरून ते रानातले शिकारी नेम धरून बंदुका चालवीत होते. सव्वीस मिनिटांत सारा खेळ आटोपला. इंग्रजांची वीस माणसे ठार व तीसहून अधिक जखमी झाली. जखमींत रॉजर्सही होता. बार्नीची चार माणसे पडली व अकरा जखमी झाली. ‘क्वेबेक’ दुरून दिसत असल्यामुळे नावनिशी विचारीत बसण्यास वेळ नव्हता. पाडाव केलेल्या जहाजावर आपली माणसे चढवून बार्नी तडक नदी चढून गेला. पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळाने त्याचे आभार मानून त्यास एक तरवार बक्षीस दिली.

या कथेपैकी कोणता भाग कोणत्या प्रतीचा, हे येथे सांगणे आमचे कर्तव्य आहे. लढाई झाली, ‘जनरल मंक’ पाडाव झाले, दोन्ही बाजूंची हानी साधारण वर दिल्याप्रमाणे झाली, हे तत्कालीन आधारांनी सिद्ध आहे आणि त्यात शंकेस जागा नाही. उलट्या हुकुमाची युक्ती, वासा बांधून टाकणे इत्यादी बारकावे मात्र बहुतांशी बार्नीच्या चरित्रातून येतात. हे चरित्र १८३२ मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर चौदा वर्षांनी व लढाईनंतर पन्नास वर्षांनी, त्याच्या सुनेने त्याच्या कागदांवरून प्रसिद्ध केले. आपल्याकडील घराण्यांच्या बखरींशी ज्यांचा परिचय आहे त्यांस अशा ग्रंथाचा स्वभाव सांगण्याची आवश्यकता नाही. त्यात असेही लिहिले आहे की, ऐन धुमश्चक्रीत एक खेडूत शिकारी बार्नीस पुनःपुन्हा विचारीत होता, ‘कप्तान, ही माझी बंदूक कोणी बनविली, ठाऊक आहे का?’ बंदूक फार अचूक चालत असल्यामुळे कारागिराची ओळख करून दिल्यावाचून त्यास राहवत नव्हते! ही गोष्ट खोटी असेल तरी ती रचणाऱ्यास माणसाची पारख होती, असे म्हणावे लागेल. उलट्या हुकुमाविषयी आमचे मत असे की, जहाजे एकमेकांत गुंतली हे निश्चित असल्यामुळे आणि ती दैवयोगानेही गुंतू शकली असती त्यामुळे, या युक्तीस संभवनीय मानावे, सिद्ध मानू नये. अमेरिकन आरमाराचा पहिला मोठा इतिहास लिहिणारा कादंबरीकार फेनिमोर कूपर याने १८३९ मध्ये या लढाईस अमेरिकन निशाणाखाली झालेल्या अत्यंत तेजस्वी लढायांत गणले आहे. तेवढे श्रेय युक्तीवाचूनही पुरते.

आता नावाविषयी. जहाजाची नावे हौसेने ठेविली जातात, म्हणून इतिहासात त्यांस कोणी फारसे विचारीत नाही. परंतु या लढाईतील दुसऱ्या जहाजाची नावे पाहा. ‘जनरल मंक’ हे मुळात अमेरिकनांचेच जहाज. त्याचे नाव ‘जनरल वॉशिंग्टन’. इंग्रजांनी १७८० मध्ये ते पकडले आणि बंडखोर सेनापतीचे नाव पुसून, ज्या सेनापतीने दुसऱ्या चार्ल्स राजास पुन्हा गादीवर आणिले त्या मंकचे नाव त्यास दिले. बार्नीने ते परत जिंकताच पुन्हा ‘जनरल वॉशिंग्टन’ झाले. ज्या काळी लाकडाच्या फळीवरील अक्षरांसाठीही एवढी ओढाताण चालली होती, त्या काळी ‘हैदर अली’ हे नाव सहज सुचले म्हणून ठेविले असेल असे संभवत नाही. शिवाय समकालीन साक्षीदारही आहे. फिलिप फ्रेनो नावाचा अमेरिकन कवी १७८० मध्ये न्यूयॉर्कच्या पाण्यातील इंग्रजांच्या कैदी-जहाजावर काही आठवडे डांबला गेला होता. अशा जहाजांवर, विशेषतः ‘जर्सी’ नामक जुनाट गलबतावर, उपासमारीने व तापाने हजारो अमेरिकन कैदी मेले. तेथून जिवंत सुटलेल्या फ्रेनोने बार्नीच्या जहाजावर १७८२ मध्ये पद्ये रचली. त्यांत, हे नाव पूर्वेकडील ज्या राजाचे आहे त्याच्या अंगी स्वातंत्र्याची ज्योत शिरली आणि त्याने आपल्या देशाच्या अपमानाचा सूड घेऊन इंग्रजांस लाजविले, असा भाव त्याने स्पष्ट मांडला आहे. तेव्हा नाव कोणाचे व कशासाठी, हा प्रश्न उरत नाही.

हे वाचून मराठी वाचकाच्या कपाळास आठी पडेल, आणि ती पडणे योग्यच आहे. हैदर आणि स्वातंत्र्याची ज्योत! थोरल्या माधवराव पेशव्यांस ज्याच्यावर पुनःपुन्हा स्वाऱ्या कराव्या लागल्या, ज्यास १७७१ मध्ये त्रिंबकराव मामांनी मोती तलावाच्या लढाईत धूळ चारली, आणि नारायणरावांच्या वधानंतरच्या गोंधळात ज्याने कृष्णेपर्यंतचा मुलूख घशात घातला, तो हा हैदर. म्हैसूरच्या वोडेयर राजांस नामधारी करून तो राज्य करीत होता. त्याचे शौर्य व कर्तबगारी शत्रूंनीही मान्य केली आहे. पण फिलाडेल्फियाच्या कवीने त्यास जो वेष दिला तो त्याच्या अंगाचा नव्हता. फ्रेनोस हैदरविषयी जे ठाऊक होते ते वृत्तपत्रांच्या चार ओळींतून, आणि उरलेले त्याने आपल्या कैदेच्या दुःखातून भरून काढिले.

मग या नावाची किंमत शून्य काय? आम्हांस तसे वाटत नाही. कौटिल्याने राजमंडलाचा विचार करताना शत्रूचा शत्रू तो मित्र हे सूत्र धरले आहे. तेथे प्रीतीचा किंवा गुणांचा प्रश्नच नाही, स्थानाचा आहे. नाना फडणिसांनी १७८० मध्ये हैदरास जवळ केले ते याच न्यायाने. त्याने बळकाविलेल्या मुलुखावर तूर्त पाणी सोडून त्यांनी त्याचा हात धरिला, आणि असे करताना त्यांस तो कोण आहे याचा क्षणभरही विसर पडला नसेल. फिलाडेल्फियाकरांस हैदर कोण हे ठाऊक नव्हते, पण तो कोठे उभा आहे हे ठाऊक होते. इंग्रजांचे पैसे, पलटणी आणि जहाजे एकाच थैलीतून निघतात, पूर्वेस खर्च झाले म्हणजे पश्चिमेस कमी पडतात, ही जाणीव त्या नावात आहे. आमच्या पाठ्यपुस्तकांनी दोन प्रकरणांत विभागलेली गोष्ट त्या व्यापाऱ्यांनी एका फळीवर रंगवून ठेविली होती. मात्र यावरून त्यांस हिंदी लोकांविषयी बंधुभाव वाटत होता असा निष्कर्ष काढून कोणी फुगून जाऊ नये. अमेरिकन व्यापाऱ्यांस संधी मिळताच ते हिंदुस्थानच्या बंदरांत मालासाठी आले, आणि १७९४ च्या तहान्वये इंग्रजांनी आपल्या बंदरांत त्यांस मोकळीक दिली तेव्हा ती त्यांनी आनंदाने घेतली.

दूरत्वाचा प्रभाव कसा असतो तोही पाहण्यासारखा आहे. ज्या एप्रिलात ‘हैदर अली’ जहाज लढले, त्याच महिन्याच्या १२ तारखेस, म्हणजे चार दिवसांनी, खऱ्या हैदरचा मित्र फ्रेंच दर्यासारंग सुफ्रां हा सिंहलद्वीपाच्या पूर्व किनाऱ्याजवळ इंग्रज आरमाराशी झुंजत होता. एकाची वार्ता दुसऱ्यास कळण्यास कित्येक महिने लागावयाचे. डिसेंबर १७८२ मध्ये हैदर चित्तूरजवळ आपल्या छावणीत मरण पावला. साल्बाईच्या तहावर पेशव्यांची मान्यता नाना इतके दिवस लांबवीत होते. त्यांनी ती त्याच महिन्यात दिली. पाडाव झालेले जे ‘जनरल मंक’, त्यासच ‘जनरल वॉशिंग्टन’ या नावाने बार्नी फ्रान्सकडे घेऊन गेला होता. इंग्लंड-अमेरिका यांच्या तहाची प्राथमिक कलमे घेऊन ते १२ मार्च १७८३ रोजी फिलाडेल्फियास परतले. अमेरिकेत लोक शस्त्रे उतरवू लागले.

कोरोमंडल किनाऱ्यास हे कोणी सांगितले नव्हते. कडलूर येथे फ्रेंच सेनापती बुसी यास इंग्रज जनरल स्टुअर्टने वेढा घातला होता. ता. १३ जून १७८३ च्या हल्ल्यात इंग्रजांची हजारांवर माणसे मेली वा जखमी झाली. ता. २० रोजी सुफ्रांने इंग्रज आरमाराशी पाचवी लढाई दिली. २५ रोजी फ्रेंचांनी वेढ्यातून बाहेर पडून छापा घातला. ता. २९ रोजी चेन्नईहून पांढरे निशाण लावून एक जहाज आले आणि त्याने सांगितले की युरोपात जानेवारीतच तह झाला आहे. तेव्हा दोन्ही बाजूंच्या तोफा थांबल्या. अमेरिकेच्या स्वातंत्र्यासाठी म्हणून जे युद्ध पेटले त्याची शेवटची मोठी लढाई अशा रीतीने तमिळ भूमीवर व तिच्यासमोरच्या पाण्यात झाली, आणि तीत जे शिपाई मेले त्यांत दोन्हीकडे हिंदी शिपाई फार होते.

राहिला त्या विद्यार्थ्याचा प्रश्न. इंग्लंडात यॉर्कटाउनचा दोष कॉर्नवॉलिसच्या माथी फारसा मारला गेला नाही. लोक वरिष्ठ सेनापती क्लिंटन यास आणि प्रधानमंडळास बोल लावीत होते. निष्कलंक हाताचा सरदार म्हणून त्याची ख्याती कायम होती, आणि कंपनीच्या नोकरांचे हात कसे आहेत हे तोवर सर्वांस कळले होते. म्हणून १७८६ मध्ये त्यास गव्हर्नर जनरल करून पाठविले. सन १७९१ च्या मे महिन्यात तो हैदरच्या पुत्राच्या राजधानीपुढे, श्रीरंगपट्टणास, जाऊन ठेपला. पावसाने, वैरणीच्या टंचाईने आणि बैल मेल्याने त्याची फौज उपासमारीच्या दाराशी आली. वेढ्याच्या तोफा स्वतःच फोडून टाकून तो माघारा फिरला. दुसरे यॉर्कटाउन घडण्यास फार थोडे उरले होते. यॉर्कटाउनला समुद्राकडून फ्रेंच आरमार येऊन त्याची वाट बंद झाली होती. येथे मेलकोट्याच्या बाजूने, ज्या मोती तलावाच्या परिसरात वीस वर्षांपूर्वी हैदरचा मोड झाला होता तेथे, घोडेस्वारांची दाट फळी त्यास दिसली. प्रथम इंग्रजांनी ते टिपूचेच स्वार समजून सावधगिरी केली. ते हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांचे स्वार होते. त्यांच्या लष्करामागून त्यांचा बाजार येत होता, आणि त्या बाजारात धान्य भरपूर होते. चढ्या भावाने का होईना, कॉर्नवॉलिसच्या शिपायांनी त्या दिवशी पोटभर अन्न खाल्ले.